मुकादम भर रस्त्यात बसतो

ता. ३ फेब्रुवारी

आधी भांडण, आशीर्वाद मागाहून. ज्याचं वर्षभर हगणं-मुतणं काढलं, ज्याच्या दातांना दोन चपला आणि खुर्चीचा एक पाय दिला, त्या कुत्र्याला मी बिघडवला असं तू पत्रात कुठे लिहिलेलं नाहीस. पण माझ्या घरात कसले कसले आवाज होतात ते आठवून कळवावं असं नात लिहिते, तेव्हा चोर कोण ठरलाय हे कळायला शाळा लागत नाही.

चि. भिंगरी हिला आजीचे आशीर्वाद, जरा हात राखून.

इथे सगळं बरं आहे. तुझं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत पाय बुडवून गेल्यासारखं, म्हणून पत्र समोरच्या घड्याळजींकडून वाचून घेतलं. तरी पत्रच लिहीत जा. फोनवर तू घाईत असतेस, मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं मी मनाने भरते आणि ते नेहमी वाईट असतं.

मला समजलं ते असं. मुकादम तुमच्या केंद्रातल्या सगळ्या कुत्र्यांत हुशार निघाला. ज्याला दिसत नाही अशा माणसाला पायरी आली की थांबून सांगतो, खड्डा टाळतो, दाराची मूठ नाकाने दाखवतो. पण परीक्षेत रस्ता ओलांडताना सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन बंद झालं की हा भर रस्त्यात बूड टेकून बसतो. लिफ्ट थांबली की बसतो. परीक्षक बाईंनी नापास केला. एप्रिलअखेर एकदाच पुन्हा संधी, तेव्हाही बसला तर त्याला नुसता पाळायला कुणाच्या तरी घरी देणार. आणि ज्या गणिताच्या बाईंसाठी तू त्याला तयार करत होतीस, त्यांना यंदा दुसरा कुत्रा नाही. त्यांना रोज शाळेत सोडणारा भाऊ मेमध्ये नोकरीसाठी दुसऱ्या गावी चाललाय. कुत्रा नसला तर बाईंनी शाळा सोडायची आणि भावाच्या घरी जाऊन खिडकीशी बसायचं. हे वाचताना घड्याळजी चष्मा पुसत बसले. मी पुसला नाही, मला पुढचं ऐकायचं होतं.

आता आवाज घे. मोरीतला नळ गळतो. घड्याळजींची दुकानातली घड्याळं एकाच वेळी कधी वाजत नाहीत, म्हणून तास वाजायला बराच वेळ लागतो. माझं शिवणाचं मशीन घरघरतं, त्याला मोटर बसवल्यापासून जास्तच. घोरणं तुझ्या आजोबांबरोबर गेलं.

आणि तुझा नियमांचा कागद अजून भिंतीवर आहे. ताटातलं देऊ नये असं त्यावर आहे, तर ताटातलं मी कधी दिलं नाही. चहाबरोबरचं बिस्किट म्हणजे काही ताट नव्हे. टीप सरळ पडली की मी मशीन थांबवते, बिस्किट मोडते, मोठा तुकडा माझा, कोपरा त्याचा. टीप वाकडी पडली तर दोघांनाही काही नाही. असा शिस्तीत वाढवलाय मी त्याला. शेजाऱ्यांना विचार.

माझा लोभ आहे तेवढाच आहे. वाढवायचा की कसं ते तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी,
आजी


ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी केंद्राच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि बिस्किटाच्या ओळीपाशी तशीच खाली बसले. मग मुकादमला एका रिकाम्या खोलीत नेलं, केस वाळवायचं यंत्र लावलं आणि बंद केलं. तो शहाण्यासारखा बसला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला.

आजी, तुला कल्पना नाही मला किती सुटल्यासारखं वाटलं. इतके दिवस आम्ही सगळे समजत होतो की तो इंजिनाला घाबरतो. घाबरणारा कुत्रा या कामाला कधीच घेत नाहीत. पण तो घाबरत नाही गं, तो वाट बघतो. घरघर थांबली की बसायचं, वर बघायचं, बिस्किट येतं. तुझ्याकडे वर्षभर तो हाच धडा शिकला. रस्त्यात गाडी बंद पडली की त्याला वाटतं, टीप पूर्ण झाली.

तू रोज प्रत्येक वेळी दिलं असतंस तर ते सुटायला सोपं होतं. देणं बंद झालेलं त्याला लगेच कळलं असतं. पण तू कधी दिलंस, कधी नाही. असं अधूनमधून मिळालेलं फार चिवट असतं. आपले काका बघ, गळ टाकून दर रविवारी तळ्यावर बसतात. रोज मासा लागला असता आणि एकदम बंद झाला असता तर त्यांनी काठी केव्हाच माळ्यावर टाकली असती. कधीतरी एखादा लागतो, म्हणून उठत नाहीत.

मी आमच्या प्रमुखांशी बोलले. जिथे शिकला तिथेच ते आधी उसवायचं असं ठरलंय. मुकादमला परवा तुझ्याकडे आणून सोडते. तू रोजच्यासारखं शिवायचं. मशीन थांबलं आणि तो बसला तर काही म्हणजे काही द्यायचं नाही. बिस्किट नाही, हात नाही, नजरसुद्धा नाही. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. तुझ्या शिव्या त्याला फार आवडतात, त्यालाही तो बक्षीसच समजतो.

एक आधीच सांगून ठेवते. सुरुवातीला त्याचा हट्ट कमी होणार नाही, वाढेल. वाढला की समज, औषध लागू पडतंय. नेमकी तेव्हाच तू पाघळलीस तर तो एवढंच शिकेल की जरा जास्त दंगा केला की मिळतं.

दोष तुझा आहे असं मी म्हटलेलं नाही. भिंतीवरच्या कागदात बिस्किट हा शब्द घालायचा राहिला, तो माझ्याकडून.

आशीर्वाद हात न राखता पाठवावेत.

तुझी,
भिंगरी


ता. २ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मुकादम खुशाल आहे, मी नाही. तोंड बंद ठेवून शिवणं काय असतं हे तुझ्या पुस्तकवाल्यांनी कधी करून बघितलंय का ते विचार. मशीन थांबलं की हा बसतो आणि मी भिंतीकडे बघते. भिंतीवर तुझा कागद. कागदाकडे बघून मनातल्या मनात जे बोलते ते लिहीत नाही, पत्र टपालातून जायचंय.

पहिले काही दिवस तो नुसता बसून राहायचा, जसं काही माझ्याकडे त्याचं येणं आहे. मग भुंकायला लागला. मग त्याने माझी एक चप्पल आणून पायाशी ठेवली, त्याने काही झालं नाही म्हणून दुसरी आणली, मग घड्याळजींच्या बाकावरची उशी आणली. भाव वाढवत चालला होता, मी बघत होते, म्हणजे बघत नव्हते. तू लिहिलं होतंस तसं मनाशी घोकत होते, वाढतंय म्हणजे लागू पडतंय.

गुरुवारी मात्र कहर झाला. दवाखान्याचे लांब पडदे शिवायला आलेत. एकाची कड सुईखाली सरकवून मी पुढे वाकले होते, माझ्या स्वेटरची सैल बाही कुठे आहे तिकडे लक्ष नव्हतं आणि माझा पाय पेडलवर नव्हता. मुकादमाने त्याचा पाय ठेवला. मशीन सुटलं घरघर करत, बाही पडद्याला चांगली वीतभर शिवली गेली. मग त्याने पाय उचलला, मशीन थांबलं, आणि हा व्यवस्थित बसून माझ्याकडे वर बघायला लागला. चालवणारा तो, थांबवणारा तो, बक्षीस मागणाराही तोच. आणि टीप सरळ होती, हे वर.

आता मी काय करायचं? ओरडायचं नाही असा तुझा हुकूम. उठायचं तर पडद्यासकट उठावं लागलं असतं. शेवटी खिडकीवर कैची आपटली तेव्हा घड्याळजी धावत आले. त्यांनी मला बघितलं, कुत्र्याला बघितलं, आणि भिंतीला टेकून हसले. हसता हसता म्हणाले की एवढ्या कलाकाराला रिकाम्या हाताने पाठवणं बरं नव्हे, आणि मी बाही उसवते आहे तोवर डब्यातलं अख्खं बिस्किट त्याला देऊन मोकळे. या माणसाला मी पंधरवडाभर नियम समजावून सांगत होते. कुत्र्यापेक्षा घड्याळजी शिकायला जड आहेत.

तेव्हापासून मुकादम पेडलवरून हलत नाही. मी आता मोटरची वायर काढूनच चहाला उठते.

खरं ते लिही. या एका बिस्किटाने सगळं पाण्यात गेलं का? गेलं असेल तर गोड बोलून सांगू नकोस. बाईंच्या भावाने सामान बांधायला घेतलं का, तेही कळव. इथे पडद्यांची कामं पडून आहेत आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच येतं.

लोभ असू दे, घड्याळजींवर नसला तरी चालेल.

आजी


ता. ८ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बाहीचं वाचून हसले, बिस्किटाचं वाचून हसू थांबलं. खरं विचारलंस म्हणून खरं लिहिते. ते एक बिस्किट महाग पडलं. तो आता पेडलला पक्का चिकटला असणार, कारण सगळे उपाय करून झाल्यावर तोच एक चालला. पण पाण्यात काही गेलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर, या वेळी पहिल्यापेक्षा लवकर उतरेल. पेडल एखाद्या खोक्यात ठेवून वापर, त्याचा पाय पोचता कामा नये. घड्याळजींना घरात येताना खिसे रिकामे करायला लाव.

दुसरं असं की मी तुला अर्धाच उपाय सांगितला होता. काय मिळणार नाही हे आपण त्याला दाखवलं, पण मशीन थांबल्यावर त्याने करायचं काय, हे कुणी दाखवलंच नाही. बिचारा म्हणून एकेक करून बघत होता. आता मशीन थांबलं की लगेच तू उठायचं आणि दारापर्यंत चालत जायचं. तो उठून तुझ्या डाव्या बाजूला आला की शाब्बास म्हणायचं आणि कान खाजवायचा. तिथे बोल हवं तेवढं. बसून राहिला तर तू नुसती दाराशी उभी राहा, वळून बघू नकोस. बसणं आणि चालणं एकदम करता येत नाही, एक पक्कं झालं की दुसरं सुटतं. तुला गुडघे आहेत हे माहीत आहे. तरी सांगते.

बाई मंगळवारी केंद्रावर आल्या होत्या. भावाचं जाणं पंधरा मेला ठरलंय. त्यांनी मुकादमबद्दल विचारलं, मी तो आजीकडे गेलाय म्हटलं. सुट्टीवर का, असं त्यांनी विचारलं. मी शिकवणीला गेलाय म्हटलं तर हसल्या. मग हसणं थांबवून विचारलं की तो होईल का. मला होय म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. माहीत नाही असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शाळेत अजून काही कळवलेलं नाही एवढं म्हणाल्या.

म्हणून लिहिते, थकू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, या खेपेला भरून.

टीप, ऊठ, दार. टीप, ऊठ, दार. डॉक्टर किती वर्षं सांगत होता की मशीनवर सलग बसू नका, त्याचं ऐकलं नाही आणि एका कुत्र्यापायी दिवसभर घरात येरझारा घालते आहे. पहिल्यांदा मुकादम जागचा हलेना. मी दाराशी पाठ करून उभी, तो मशीनपाशी बसलेला, मध्ये रिकामी खोली. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल म्हातारी कुणाची तरी वाट बघते. मग एकदा डाव्या हाताला ओलं नाक लागलं. त्याला मी काय काय म्हटलं ते विचारू नकोस, शाब्बास हा त्यातला सगळ्यात साधा शब्द होता.

त्यानंतर गाडी रुळावर आली. बसायला लागला की अर्ध्यातच आठवायचं आणि उठायचा. आता तर माझ्या आधी दाराशी असतो. परवा शिवता शिवता वीज गेली, मशीन आपोआप थांबलं, मी अजून वर दिव्याकडे बघते आहे तोवर हा दारात उभा राहून मला घाई करतोय. घड्याळजींनी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. त्यांना सांगितलं, टाळ्या चालतील, त्या खाता येत नाहीत.

घड्याळजींवरही औषध चालतं, तुझ्या पुस्तकात लिहून ठेव. हा माणूस रोज माझा चहा पाणचट म्हणायचा आणि मी रोज भांडून दुसरा करून द्यायचे. आता पाणचट म्हटलं की मी काही बोलत नाही आणि दुसरा देतही नाही. गप्प प्यायला तर आणखी अर्धा कप. दोन दिवस फार बोलला, आवाजही चढवला. आता कप ठेवताना म्हणतो, बरा होता.

आणि एक गंमत मला उशिरा कळली. मी समजत होते की टीप सरळ पडली की मी थांबते आणि देते. तोंड बंद ठेवून बसले तेव्हा माझंच माझ्या लक्षात यायला लागलं. मुकादमाने मान उचलून बघितलं की माझा पाय पेडलवरून उठायचा. टीप सरळ की वाकडी हे मी मागाहून बघायचे. म्हणजे मी त्याला वाढवत होते तेव्हा तोही रिकामा बसला नव्हता.

काल तुमची गाडी त्याला घेऊन गेली. टुणकन आत चढला आणि मागे वळून बघितलं नाही. बरं झालं. मागे बघत चालणारा कुत्रा बाईंच्या काय कामाचा. आज मशीन थांबलं तशी मी उठले आणि दारापर्यंत गेले. दारात कोण असणार? हे उसवायचं औषध असेल तर पाठव. नसेल तर राहू दे, गुडघे म्हणतात बरं वाटतंय.

परीक्षेचं त्याच दिवशी लिही. पास असो, नापास असो.

आजी


ता. २७ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पास. आधी हे लिहिते, नाहीतर तू मधली पानं ओलांडून शेवटाला जाशील.

आता नीट सांगते. परीक्षक बाईंनी मुद्दाम मोठा चौक निवडला आणि आमच्याच ड्रायव्हरला गाडी घेऊन सिग्नलला उभं केलं. पट्टा माझ्या हातात नव्हता, परीक्षक बाईंच्या हातात होता आणि त्यांनी डोळ्यांवर काळी पट्टी बांधली होती. मी फूटपाथवर. ते दोघं अर्ध्या रस्त्यात पोचले आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आजी, मुकादमचं बूड खाली गेलं. मी पाहिलं. टेकलं नाही, पण गेलं. परीक्षक बाई तशाच चालत राहिल्या, त्यांच्या पट्ट्याला जरासा ताण बसला, आणि तो उठला. पुढची दोन पावलं भरभर टाकून त्यांच्या बरोबरीला आला आणि पलीकडच्या फूटपाथच्या कडेशी बरोबर थांबला. परत येताना गाडी पुन्हा बंद केली, तेव्हा त्याने मानसुद्धा वळवली नाही. लिफ्टमध्ये तर लिफ्ट थांबल्या थांबल्या दाराशी जाऊन उभा. ते तुझं काम.

गणिताच्या बाईंना मी फोन केला. त्यांनी लगेच विचारलं की तो किती वेगाने चालतो, कारण त्यांना शाळेत नेहमी पहिली घंटा व्हायच्या आत पोचायचं असतं, भावामुळे कधी जमलं नाही. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल तितका.

आजपासून दोघं केंद्रात एकत्र राहून शिकतायत. जुनी सवय कधीतरी डोकं वर काढेल हे मी त्यांना सांगून ठेवलंय. तो बसला तर रागवायचं नाही, थांबायचं नाही, पुढे पाऊल टाकायचं आणि उठला की कौतुक करायचं. तुला एक विनंती आहे आणि ती तुला आवडणार नाही. पहिले काही महिने तू त्याला भेटायला येऊ नकोस. तुझा आवाज ऐकला तर तो बाईंना सोडून तुझ्याकडे ओढेल.

तुझ्या गुडघ्यांना माझा नमस्कार.

तुझी,
भिंगरी


ता. ११ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र घड्याळजी यायच्या आत मीच वाचलं. मुंग्या का होईनात, पहिली मुंगी वाचता आली. मग पंखा लावला आणि भर दुपारी चार तास झोपले. तुझ्या आजोबांच्या मागे एवढी कधी झोपले नव्हते. उठले तर दवाखान्याचा माणूस पडद्यांसाठी दारात बसलेला, घड्याळजी त्याला चहा देत होते. पाणचट होता.

तुझी विनंती वाचली. भेटायला मी येणार होते हे तुला कुणी सांगितलं? मला कामं नाहीत का? कुत्रा बाईंचा आहे. त्याने माझा आवाज ऐकून त्यांना चौकात उभं करून माझ्याकडे यावं यासाठी का मी महिना-दीड महिना तोंड शिवून बसले होते? येत नाही. त्यांच्या गल्लीतून जायचं झालं तरी पलीकडच्या बाजूने जाईन आणि शिंकसुद्धा दाबीन.

बाईंना आणखी एक सांग. मुकादम हे नाव मी ठेवलं होतं, कारण मी शिवायला बसले की तो देखरेख करायचा. त्यांना बदलायचं असेल तर बदलू देत. शाळेत मुलं हसतील. पण बदलणार असतील तर लवकर बदलायला सांग, त्याला नंतर गोंधळ नको.

आता महत्त्वाचं. शुक्रवारी भाऊ जातो. सोमवारी शाळेचे उन्हाळी वर्ग सुरू होतात, तेव्हा बाई आणि मुकादम पहिल्यांदा एकटे शाळेत जाणार. तू चोरून मागे मागे जाणार आहेस हे मला माहीत आहे, जा. पण त्या दिवसाचं पत्र तू लिहायचं नाहीस. तू मला सांभाळून लिहितेस, मी वाचून सांभाळून समजते, आणि खरं मधल्या मध्ये राहतं. पत्र बाईंनी लिहायचं. कसं लिहितात ते मला माहीत नाही, यंत्रावर लिहोत नाहीतर वर्गातल्या कुणाकडून लिहून घेवोत. घराला कुलूप लावताना काय वाटलं, मुकादम कुठे अडला, आणि त्या शाळेत पोचल्या तेव्हा घंटा व्हायची होती की होऊन गेली होती, सगळं लिहू देत. तो बसला असेल तर बसला म्हणून लिहायचं. मी काही रडणार नाही.

तुझं काम फक्त पाकिटाला तिकीट लावायचं. आत एक अक्षर घालशील तर पत्र परत पाठवीन.

आजी